अस्वलांच्या मुलखात लावलेली कडी

आप्पा, मी उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर फिरून आले म्हटलं तर तुम्ही आधी माझ्याकडे आणि मग मला नेणाऱ्या ट्रॅव्हलवाल्याकडे संशयाने बघाल. बघाच. मीही तिथे आठवडाभर तेच केलं. तिथला रस्ता गावाबाहेर पडतो न पडतो तोच संपतो, आणि पुढे पांढऱ्या अस्वलाचं चित्र असलेली पाटी. त्यापुढे उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरची गाडी, आणि सोबत बंदूकवाला गाईड हवाच. आमची गाईड पंचविशीची पोरगी होती. मला वाटलं, अस्वल म्हणजे या गाईड लोकांचा धंदा. मी विचारलंच, "तुला स्वतःला कितीदा दिसलंय?" ती म्हणाली, "तुम्हाला दिसू नये म्हणून मी आहे." पुण्यात दुकान छान चाललं असतं तिचं.

बोटीने ती आम्हाला लांबच्या एका किनाऱ्यावर घेऊन गेली. तिथे एक लाकडी खोली होती. तिने बजावलं, दाराला कडी लावायची नाही, अस्वल मागे लागलेल्या माणसाला कुठलंही दार ढकलून आत शिरता आलं पाहिजे. सगळ्यांच्या बॅगा आत आणि दार सताड उघडं! मला काही ते पटेना. मी कॉलेजात असताना एकदा आपल्या कोथरूडच्या फ्लॅटचं दार कुलूप न लावता नुसतं ओढून बाहेर गेले होते, तेव्हा तुम्ही मार्केट यार्डातून आल्या आल्या जिन्यातच ओरडलात, "घर हाय का धर्मशाळा?" मग दोन दिवस बोलला नाहीत. त्यानंतर कडी लावून ती तीनदा ओढून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बाकीचे किनाऱ्यावर गेले. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी आत थांबले, आणि आमच्यातलेच एक परदेशी आजोबा कोपऱ्यात डुलक्या घेत होते. मी कडी लावते, तीनदा ओढते, चहा ओतून घेते. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा, पळापळ, दारावर धडाधड बुक्क्या. मी कोण म्हणून विचारत बसले, आप्पा. मग उघडलं. सगळे आत कोसळले. खिडकीतून बघते तर खाडीपलीकडे पिवळट पांढरं काहीतरी सावकाश चाललेलं.

गाईडने विचारलं, "कडी कोणी लावली?" मी चहाचा कप उचलला. आजोबा दचकून म्हणाले, "मीच लावली असेन. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मीही बघितलं.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. परतताना बोटीत ते आजोबा एकेकापाशी जाऊन माफी मागत होते. माझ्यापाशीही आले. मी म्हटलं, "असू दे, होतं असं."