नुक्सच्या अकरा ओळी

३ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहूनच कपाळाला आठी पडली असेल, पण वाच. बाबांची नजर आता पुरती गेली. चहाचा कप हातात द्यावा लागतो आणि तरी बशी कुठे ठेवली म्हणून माझ्यावरच डाफरतात. चाळीस वर्षं लॅटिन शिकवलं, आवाज अजून वर्गातलाच आहे.

तुमच्या लॅटिन शब्दकोशासाठी त्यांनी ‘नुक्स’ या एकाच शब्दावर सहा वर्षं घालवली. नुक्स म्हणजे अक्रोड, बदाम, कुठलंही कठीण कवचाचं फळ, आणि त्यातूनच पुढे नुक्लेउस, आतला गर. नऊशे कार्डं झाली. ती संपादनाला तुझ्याकडे आली आहेत असं कळलं. बाबांचं मागणं एवढंच, की नोंदीखाली त्यांची आद्याक्षरं छापून यावीत. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघाला तर नशीब.

तू काही विसरला नाहीस, मला माहीत आहे. रोमन पोरं अक्रोडांनी खेळायची, म्हणून ‘अक्रोड सोडणं’ म्हणजे पोरपण सोडणं, असं समजावत बाबांनी तुझ्या नवव्या वाढदिवसाला तुझी लाकडी आगगाडी शेगडीत घातली. मी दाराआडून पाहत होते. तरीही मागते आहे.

माया पातळ करू नकोस.
तुझी,
धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

नऊशे कार्डं मी स्वतः टेबलावर मांडून वाचली. मदतनीस बाईंना हात लावू दिला नाही, ते सुख मला एकट्यालाच हवं होतं. आमच्याकडे एका शब्दाला अकरा ओळी मिळतात. सहा वर्षांच्या अकरा ओळी केल्या. ‘अक्रोड सोडणं’ काढून टाकलं, जागा नव्हती.

रीत अशी की आधी कार्डं जमवणाऱ्या संग्राहकाची आद्याक्षरं, मग संपादकाची. मी फक्त माझी ठेवली. व्युत्पत्ती मात्र त्यांच्या पहिल्याच कार्डावरची आहे, त्यांच्याच अक्षरात: नुक्स हा शब्द ‘नोकेरे’पासून, म्हणजे इजा करणे, कारण अक्रोडाच्या सावलीत दुसरं झाड धरत नाही. वाचून हसू आलं. आपलंच घर की ते!

सोबत छापील पान आहे. सावकाश वाचून दाखव, आद्याक्षरांसकट. दुरुस्त्या तीस एप्रिलपर्यंत चालतात, त्यांच्या पाठवू नकोस.

तब्येतीला जप.
तुझा,
दादा

४ मे

ती. दादास,
सा. न.

पान वाचलं. आद्याक्षरं बाबांचीच आहेत असं मी सांगणार होते, पण ऐन वेळी जीभ अडखळली आणि त्यांनी ओळखलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्याच ओळीला, ‘नोकेरे’वर, मला थांबवलं आणि खोकला येईपर्यंत हसले. दादाने कार्डं उलटून पाहिली का, असं विचारलं. अरे, कागद वाचवायचा म्हणून ते जन्मभर पुढे इतरांचं मत आणि मागे स्वतःचा निकाल लिहीत आले! पहिल्या कार्डामागे म्हणे लाल पेन्सिलीने लिहिलं आहे की ही जुन्या पंडितांची कल्पना, साफ चूक. नोकेरेशी या शब्दाचं काहीही नातं नाही. मूळ लॅटिनहूनही जुनं, शेजारच्या कितीतरी भाषांमधले कवचफळाचे शब्द त्याच कुळातले. त्यांनी खोडलेलं तू छापायला दिलंस, आणि खाली आद्याक्षरं एकट्या तुझीच.

छपाई होईपर्यंत दादाला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. डॉक्टरांना सांगितलं, नर्सला दोनदा सांगितलं. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

सत्तावीस एप्रिलला सकाळी बाबा गेले. सगळं उरकलं. तुझी वाट पाहिली नाही.

त्यानंतर शपथ पाळायला मला कुणी बांधलं नव्हतं. तीस तारखेला तीन दिवस होते. फोन उशाशीच होता, तुझ्या कार्यालयाचा नंबरही पाठ आहे. मी त्यांचं कपाट आवरलं, पडदे धुतले, आणि दोन तारखेला तुमच्या छापखान्यात फोन करून कोश छापून झाल्याची खात्री करून घेतली.

लोभ पूर्वीइतकाच असू दे.
तुझी,
धाकटी