सासूबाईंच्या अंजिरांचा दहावा वाटा

प्रिय अब्बा,

तुम्हा सर्वांना शांती लाभो. इथे गालीलात मी सुखरूप आहे, तुमचे जावई मायेने वागतात. आईचा खोकला थांबला का?

माझ्या हातून एक चूक झाली आहे. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी टोपलीभर अंजिरं आणून दिली. देवाच्या सेवेतल्या लेवींचा दहावा वाटा त्यांनी घरीच काढला असणार, हे मला ठाऊक होतं. तरी तुमच्या शिकवणीप्रमाणे, तो न काढता खाल्लं तर पाप, तेव्हा शंका नको म्हणून, मी तो पुन्हा काढला, आणि तोही शेजारणींसमोर. सासूबाईंचा चेहराच उतरला. "म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या लेकाला पाप खाऊ घातलं, असंच ना गं?" एवढं बोलून त्या निघून गेल्या.

लाजेने मी चार दिवस विहिरीवर गेले नाही.

काल त्या पुन्हा टोपली घेऊन आल्या. माझा त्यांच्यावर विश्वास आहे हे दाखवायला मी लगेच एक अंजीर तोंडात टाकलं. त्या ओरडल्याच, "अगं थांब! तुझ्या डोळ्यांदेखत काढावा म्हणून यातला दहावा अजून काढलाच नाही!"

मी थुंकले, पण रस गिळला गेला होता. सासूबाई हसत हसत उंबऱ्यावरच बसल्या. "शहाण्या बापाची लेक!" म्हणाल्या. मला मात्र रडू आवरेना.

त्या रसाचं आता काय करू, अब्बा? लवकर कळवा. आणि हे आईला वाचून दाखवू नका.

तुमची,
शप्पिरा