दांडगोबाचं खाणं आणि तुझा आरोप

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. अप्पांची तब्येत गुडघे सोडले तर बरी आहे. माझंही ठीक चाललंय. तुझ्याकडे सगळे मजेत असतील असं धरून चालते, आणि इथे माझं गोड बोलणं संपलं.

काल फोनवर तू म्हणालास, "ताई, तू त्या मुक्या जनावराची आबाळ केलीस." मागून तुझी बायको हुंकार भरत होती. समोर अप्पा बसले होते म्हणून मी काही न बोलता फोन ठेवला. गप्प बसले म्हणजे मला पटलं, असं समजू नकोस. मावशीने तुला पाठवलेला त्याचा तो केस गेलेला फोटो जुलैमधला आहे. आज दांडगोबा कसा दिसतो हे विचारायची तसदीसुद्धा तू घेतली नाहीस.

दोन वर्षांपूर्वी नव्या नोकरीवर जाताना, सहाच महिने सांभाळ म्हणून, पंचेचाळीस किलोचा कुत्रा माझ्या दारात आणून बांधलास. चिकनचं कोरडं खाणं दोन वेळा, बाकी काही नाही, असं बजावून गेलास. मी ते अक्षरशः पाळलं. या मे महिन्यात त्याला खाज सुटली. पोटावरचे केस गेले, कान लालभडक झाले, पंजे चाटून चाटून सोलवटले. तो खाजवायला लागला की टेबलावरची भांडी वाजायची.

दुकानदाराने मोठ्या कुत्र्यांसाठी खास म्हणून खाण्याची एक पिशवी दिली. वर मेंढीचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'नाजूक त्वचेसाठी'. सहा आठवडे ते घातलं आणि तो जास्तच बिघडला. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पिसवा आहेत का पाहिलं, त्वचा खरवडून तपासली, काही सापडलं नाही. मग म्हणाल्या, पिशवी घेऊन या. पिशवी उलटी केली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. मेंढी नावापुरती, बाकी कोंबडीच कोंबडी.

हे तुला सांगायचं नव्हतं, पण सांगते. छापखान्यात सव्वीस वर्षं मी प्रुफं तपासतेय. निसटलेला अनुस्वार माझ्या नजरेतून सुटत नाही. आणि त्या पिशवीची मागची बाजू मी वाचली नाही. दुकानात जाऊन, चार गिऱ्हाइकांसमोर, ती यादी मी दुकानदाराला मोठ्याने वाचायला लावली. तो म्हणाला, सगळेच असं करतात. म्हटलं, मग विकण्याआधी तुम्ही तरी वाचत जा. राग त्याच्यावर काढला. निम्मा माझा माझ्यावरच होता.

डॉक्टरीणबाईंनी मासे आणि बटाट्याचं खाणं ठरवून दिलं. आठ आठवडे तेवढंच, तेही मोजून, कारण एवढ्या धिप्पाड कुत्र्याचं वजन वाढलं तर सांधे जातात. वर बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. पहिले पंधरा दिवस उतार पडला आणि तिसऱ्या आठवड्यात खाज पुन्हा उफाळली. शोध घेतला तर अप्पा ताटातलं चिकन टेबलाखाली सोडत होते. जन्मात पहिल्यांदा मी अप्पांवर ओरडले. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून तो समोर बसला तरच मला घास उतरतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, माझ्यासाठीही चिकन आणू नकोस. एकोणऐंशीव्या वर्षी, कुत्र्यासाठी. आम्ही आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले. ऑक्टोबरात केस भरून आले. खात्री करायला डॉक्टरीणबाईंनी चार दिवस थोडं चिकन देऊन पाहिलं, तर कान परत लाल. आता शंका उरली नाही. तुझंच चिकन त्याला बाधत होतं. आबाळ म्हणे.

तर मुद्द्याचं. नव्या घराला अंगण आहे म्हणून तू सव्वीस तारखेला दांडगोबाला न्यायला येतोयस. हे तू अप्पांना सांगितलेलं नाहीस. मीही सांगितलेलं नाही. काल रात्रीपासून तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. दोन वर्षांत बापाला भेटायला तुला सवड झाली नाही, कुत्र्याला न्यायला बरी झाली. आणि आता लिहितेच आहे तर हेही लिहिते. आई गेल्यावर या घरात मी आणि अप्पा कामापुरतं बोलत होतो. त्याच्या खाण्यावरून आम्ही भांडलो, मोजलं, हसलो. मलाही तो द्यायचा नाही.

तू जरूर ये. अप्पांच्या समोरच्या खुर्चीवर बसून दोन वेळा त्यांच्याबरोबर जेव. त्यानंतरही कुत्रा मागायची हिंमत राहिली, तर त्यांच्याकडे स्वतःच्या तोंडाने माग. तुझ्या वतीने मी ते काम करणार नाही.

तुझ्यावर मनापासून रागावलेली, आणि जेवायला तुझी वाट पाहणारी,

ताई