भाड्याची आत्या

तीर्थस्वरूप आत्यास,

चार वर्षांचे साचलेले नमस्कार एकदम पाठवते आहे, गोड मानून घ्यावेत. तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. (परस्पर कळलं, धाकट्या काकांकडून. त्यांनी डावा सांगितला, म्हणजे तो उजवाही असू शकतो.) आता स्पष्ट दिसायला लागलं असेल, तर माझं अक्षर अजून तसंच आहे हेही दिसेल. गुडघे, पाठ, रक्तदाब आणि शेजारीणबाईंशी चाललेलं भांडण हे सगळं जागच्या जागी असावं अशी आशा करते. मी ठीक आहे. दातांच्या कारखान्यात अजून तीच नोकरी, तीच खिडकीजवळची जागा. गेल्याच आठवड्यात एका निवृत्त न्यायाधीशांची कवळी केली, ती घालून ते पहिल्यांदाच हसले असं त्यांच्या मुलीनं सांगितलं. हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, आधीच सांगून ठेवते. कारण इतक्या दिवसांनी पत्र आलं की माणूस आधी शेवटचं पान उलटून बघतो. तुम्ही बघू नका.

बातमी एवढीच, की मला नवऱ्याकडे जायचा व्हिसा नाकारला. लिफ्टवाला (शब्द तुमचा, मी तो आता लाडानं वापरते) एकोणीस महिन्यांपूर्वी परदेशी गेला, तिथल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायला. जाताना कंपनीनं सांगितलं होतं, सहा महिन्यांत बायकोला बोलावता येईल. ते खरंच निघालं. बोलावता येतंच, बायकोला येता येईल असं कोणी म्हटलं नव्हतं. अर्ज भरला, बोटांचे ठसे दिले, छातीचा एक्स-रे दिला आणि पाच महिन्यांनी दीड पानी पत्र आलं. त्याचा सारांश असा, की आमचं लग्न झालेलं आहे हे त्यांना मान्य आहे, पण ते खरं आहे याची खात्री पटत नाही.

का पटत नाही, तर लग्नाचे फोटो सातच. त्यातल्या पाचांत नवरदेवाचे डोळे मिटलेले. (तो फ्लॅशला घाबरतो. सोळाव्या मजल्यावर दोरखंडाला लटकतो, पण फ्लॅशला घाबरतो.) एकाही फोटोत वधूकडचं कोणी नाही, आमचे दातांचे डॉक्टर आणि लिफ्टवाल्याचे दोन सहकारी, एवढंच वऱ्हाड. मग मुलाखत. त्याची तिकडे, माझी इकडे, एकाच दिवशी. मला विचारलं, पती सकाळी उठल्यावर सर्वांत आधी काय करतो? मी म्हटलं, मला फोन करून उठवतो. त्यानं सांगितलं, चहा ठेवतो. आता चहा उकळेपर्यंत गृहस्थ हातावर हात धरून बसत नसेल, फोनच करत असेल, एवढं कोणाच्याही लक्षात यावं. त्यांनी लिहिलं, ‘उत्तरांत गंभीर विसंगती.’ शिवाय आमचे तोवरचे सगळे मेसेज छापून दिले होते, चारशे बारा कागद. त्यांवर शेरा आहे, ‘संभाषणात वैवाहिक जिव्हाळा आढळत नाही.’ जेवलास का, पाणी आलं का, गीझरवाल्याला फोन केलास का, मीच का, तू का नाही! एका गीझरवरून दोन देशांतून चार दिवस भांडणारी माणसं नवरा-बायको नसतील तर दुसरं कोण असतील? त्या खात्यात एकही लग्न झालेला माणूस नसावा. असलाच तर त्याच्या घरी गीझर चांगला चालत असावा.

आणि शेवटचं कारण. पत्नी पतीपेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, ‘हे सर्वसाधारण रीतीस धरून वाटत नाही.’ आत्या, हे वाचून मला क्षणभर शंका आली, की तुम्ही परदेशी नोकरी धरलीत की काय.

मग मी सल्ला घ्यायला गेले. व्हिसा मिळवून देणाऱ्या एका गृहस्थाची काचेच्या दाराची कचेरी आहे, भिंतीभर विमानांची चित्रं, आत इतकं गार की माणसाला परदेशी पोचल्यासारखंच वाटावं. गृहस्थ गळ्यात टाय बांधतो आणि बोलताना तो सारखा कुरवाळतो, मांजर असल्यासारखा. त्यानं माझं पत्र वाचलं नाही, नुसतं तोललं, आणि म्हणाला, “ताई, दारातून घेत नसतील तर खिडकीतून जायचं.” खिडक्या त्याच्याकडे पुष्कळ होत्या. पहिली, पर्यटक म्हणून जायचं. त्यासाठी सिद्ध काय करायचं, तर मी नक्की परत येणार. इथे माझी नोकरी आहे, घर आहे, जीव इथेच गुंतलेला आहे. आणि माझ्या आधीच्या अर्जात मी पानोपानी लिहिलेलं, की नवऱ्यावाचून मला इथे क्षणभर करमत नाही. दोन्ही कागद एकाच फायलीत, एकाच टाचणीला. मी हे त्याच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणे, “कोण वाचतंय?” माझे मेसेज वाचणारं खातं हे वाचणार नाही, असा त्याचा अनुभव. दुसरी खिडकी विद्यार्थ्याची. एका वर्षाचा हॉटेल चालवण्याचा अभ्यासक्रम. माझं वय एकोणचाळीस. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले असते तर सगळी मुलं उठून उभी राहिली असती.

हे सगळं सांगताना त्याचे वरचे चार दात चमकत होते. ते मी ओळखले. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेलं काम. मेणात मीच बसवलेले. माझ्याच हातचे दात मला खोटं बोलायला शिकवत होते! (काम मात्र चांगलं झालं आहे. हिरडीच्या रंगात किंचित फरक पडलाय, पण तो मला दिसतो, इतरांना दिसणार नाही.)

“बरं, खिडकी नको असेल तर दारच नीट ठोठावू,” तो म्हणाला. “फोटो सात आहेत ना? सत्तर करू.” आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेला. तिथे भिंतीवर मोठ्या सभागृहाचं चित्र असलेला पडदा, दोन भगभगीत दिवे, आणि ओळीनं मांडलेल्या खुर्च्यांवर चार माणसं नटूनथटून बसलेली.

“हे कोण?” मी विचारलं.

“तुमच्याकडचे. हे दोन काका, हे मामा, आणि या आत्या. मिस्टरांना नंतर कॉम्प्युटरवर उभं करू. त्यांचा एखादा डोळे उघडे असलेला फोटो तेवढा द्या.”

भाड्याचे काका पेपर वाचत होते, मामा पेंगत होते. (म्हणजे माणसं चोख निवडली होती, हे मान्य करायला हवं.) आत्या मात्र उठून आली. गोल चेहरा, भरजरी कपडे, अंगाला अत्तराचा वास. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, “किती वाळलीस गं,” म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जागच्या जागी, कुणी कॅमेरा उचलायच्या आधी.

“आत्या नको,” मी टायवाल्याला म्हटलं.

“मावशी देऊ?”

“मावशीही नको.”

“अहो, पण जवळची बाई लागतेच! अधिकारी आधी तेच बघतात. आणि या फार छान रडतात.”

“आमची आत्या रडत नाही. आणि ती लग्नाला आलेली नव्हती.”

“म्हणूनच तर म्हणतो, आता आणू की!”

तेव्हा त्या बाईनं आवाज खाली करून मला विचारलं, “का गं, का नाही आल्या?” हे काही तिच्या कामात बसत नव्हतं, उगीच, आपलं आपण विचारलं. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. जिन्यात जरा वेळ बसले. तिथे झाडलोट अजिबात करत नाहीत, डोळ्यांत फार धूळ जाते.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी एका वकीलबाईंचं नाव सुचवलं. त्यांची कचेरी एका छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर आहे. खुर्चीच्या गादीला चीर, टेबलाच्या एका पायाखाली घडी केलेला पुठ्ठा, विमानाचं एकही चित्र नाही. बाईंनी दीड पानी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, रस्ते दोनच. एक नोकरीचा. तिकडे कवळ्या करणाऱ्या माणसांचा तुटवडा आहे म्हणे, एक परीक्षा द्यायची, आठ-नऊ महिन्यांत व्हिसा, जवळजवळ नक्की. म्हणजे बघा, ज्या देशाला मी बायको म्हणून खोटी वाटते, त्याच देशाला मी खोटे दात करणारी म्हणून अगदी खरी वाटते. दुसरा रस्ता अपिलाचा. वेळ जास्त, भरवसा कमी.

“मग नोकरीचाच बरा,” मी म्हटलं.

“बरा. फक्त तो शेरा फायलीत राहील. लग्न खरं नाही, हा. तुम्ही तिथे एका घरात राहाल, पण कागदावर एक लिफ्ट दुरुस्त करणारा आणि एक दात करणारी. पुढे कधीही, कशासाठीही अर्ज केलात तर तो शेरा आधी वर येईल.”

मी दोन दिवस मागून घेतले. लिफ्टवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “लवकर येता येईल तो रस्ता धर. शेरा राहिला तर राहू दे, मला ठाऊक आहे ना आपलं लग्न झालंय.” माणूस समंजस आहे, त्यामुळेच त्याच्याशी भांडायला फार कष्ट पडतात. मी कारखान्यात जाऊन दोन दिवस दातांच्या ठशांत प्लास्टर ओतत बसले आणि मला एकच दिसत राहिलं, की कुणीतरी अनोळखी माणूस माझ्या घरावर ‘हे घर नाही’ अशी पाटी ठोकून गेला आहे, आणि मी मागच्या दारानं आत शिरायला निघाले आहे. तिसऱ्या दिवशी वकीलबाईंना सांगितलं, अपील. त्या म्हणाल्या, “ठीक. आता सांगा, या लग्नाला कोणाचा विरोध होता?”

मी म्हटलं, “होता की.”

“साधा की कडक?”

“बोलणं तुटलं. अजून तुटलेलंच आहे.”

आत्या, ती बाई तेव्हा पहिल्यांदा हसली. (खालचे दोन दात एकावर एक चढलेत, बसवायला हवेत.) म्हणाली, “अहो, हे आधी नाही का सांगायचं? खोट्या लग्नाला कोण कशाला विरोध करेल? कागदावरच्या नवऱ्यासाठी कोणी घर तोडत नाही. आनंदाचे फोटो पाहिजे तेवढे काढता येतात. राग विकत मिळत नाही.”

तर असं सगळं आहे. अपील दाखल झालं, पुढच्या महिन्यात सुनावणी. तुम्हाला कळवावं एवढाच हेतू होता, तो साधला. गोळ्या वेळेवर घेत जा, डोळ्यात थेंब घालताना मान मागे टाका, आणि शेजारीणबाईंना माझा नमस्कार सांगू नका, त्या त्याचाही वेगळा अर्थ काढतील.

तुमची भाची

ता. क. लग्नाचं कळल्यावर तुम्ही मला तीन पानी पत्र पाठवलं होतंत, ते वकीलबाईंना हवं आहे. माझ्याकडे नाही, मी तेव्हाच फाडलं. पण तुम्ही चाळीस वर्षं टायपिंगचा वर्ग चालवलात, आणि कार्बन घातल्याशिवाय साधी वाण्याची यादीसुद्धा कधी टाइप केली नाहीत. प्रत असेलच. तीनही पानं पाठवा. दुसऱ्या पानावर त्याच्या कानांविषयी जे आहे, ते गाळू नका. बाई म्हणतात तो भाग फार उपयोगी पडेल.

ता. क. २. प्रत सापडली नाही तर नवीन लिहा, आजच्या तारखेचं. मी तुमचं न ऐकता त्याच्याशी लग्न केलं, ते तुम्हाला आजही मान्य नाही, आणि म्हणून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, एवढं आलं म्हणजे झालं. शब्द तुमचेच ठेवा, सौम्य करू नका. लिफ्टवाल्याला मी हे बोलले, तर म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला या वयात त्रास देऊ नकोस. (म्हातारं माणूस म्हणाला, हेही पत्रात घालता येईल.)

ता. क. ३. पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. वकीलबाईंचा आत्ता फोन आला होता. हे शपथेवर लिहायचं असतं म्हणे, अक्षरन्अक्षर खरं लागतं. तेव्हा राग अजून असेल तरच लिहा. नसेल, तर माझ्यासाठी म्हणून खोटं लिहू नका, एक फोन तेवढा करा. अपिलाचं मग काय व्हायचं ते होऊ दे. माझा नंबर तोच आहे.