पडवीतली चूल

जुन्नर, १९९८

प्रिय यशोधरा,

आपला लोकवर्गणीचा दवाखाना तुझ्या पुण्याच्या संस्थेत सामील व्हावा, म्हणून मी गावोगाव घसा फोडून बोललो. सर्जन येतील, रक्त मिळेल, बाळंतिणी वाटेत मरणार नाहीत! रविवारच्या सभेत माझ्या शब्दावर हात वर होतील.

काल डोंगरातली अंबाबाई भेटली. दिवस भरत आलेल्या सुनेला घेऊन ती दवाखान्याच्या पडवीत चूल मांडून राहिली आहे. तिकडच्या साऱ्याच बाया अशा आधीच येऊन राहतात.

"भाऊ, मोठं लोक आल्यावं आमची चूल ऱ्हाईल नव्हं? नायतर पोरी घरीच बाळंत व्हतील."

"राहील!" मी सभेतल्या आवाजात म्हणालो.

"मंग झालं. तुमी लई बोलता, पर खोटं नाय."

संस्थेला मी हे विचारलेलंच नाही. हे पत्र आज टाकलं, तर तुझं उत्तर रविवारआधी येईल. त्याचीच भीती वाटते.

तुझा,
बाबा