बुडालेला थेंब

३ मार्च

त्या सकाळी मी पातेलं घासत होते आणि ह्यांना नेमकं तेव्हाच शर्टाला बटण लावून हवं होतं. हात कोरडे केले, बटण लावलं, पिण्याचं पाणी भरलं, कपडे वाळत टाकले. "हाडांचा फोटो काढायचाय, शर्ट कोण बघतंय?" हे म्हणाले. मग बटण कशाला हवं होतं, देव जाणे! फोटो स्वच्छ आला, कॅन्सर हाडांत पसरला नव्हता म्हणे. त्या आनंदात आम्ही बाहेर जेवलो. सात महिन्यांनी हे गेले.

चार वर्षं झाली. आज पातेलं घासताना आठवलं, एवढंच.

४ मार्च

साहेबांनी पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवली. "ह्या आमच्या बाई. ह्यांच्या सहीशिवाय एक थेंब बाहेर जात नाही. नुसतं वाचून शिकल्यात सगळं!" — जणू काही मी पाळलेला पोपट.

६ मार्च

नणंदेचा फोन. "वहिनी, तुम्ही तिथे नक्की करता काय हो?"

सांगितलं. शिशाच्या डब्यातून किरणं सोडणारं पाणी काढायचं — आम्ही त्याला दूध काढणं म्हणतो — आणि ते औषधात मिसळायचं. औषधाला चिकटलं की ते हाडांत जातं, फोटो नीट येतो. सुटं राहिलं की पोटात जाऊन बसतं, हाडं फिकी दिसतात आणि रोग असला तरी नजरेतून सुटतो. सुटं किती, ते मी बघते. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकायचा, पट्टी बाटलीतल्या द्रवात उभी करायची. द्रव वर चढतो, सुटं त्याच्यामागे पळतं, चिकटलेलं जागेवर बसतं. मग पट्टी कापून दोन्ही तुकडे मोजायचे.

"एवढ्याचा पगार देतात?"

देतात!

९ मार्च

गाढव आहे मी.

संध्याकाळी बाटल्या धुवायला घेतल्या. सवयीने मोजायचं यंत्र जवळ नेलं, तर सकाळच्या बाटलीतला द्रव कडकड बोलायला लागला. तो गप्प असायला हवा. म्हणजे मी द्रव जास्त ओतला होता. थेंब वर राहायला हवा, तो बुडाला. सुटं सगळं खाली द्रवात धुऊन गेलं आणि पट्टी साळसूद दिसली. मी चिकटलेलं सत्त्याण्णव टक्के लिहिलं, झोकात सही केली. गाडीवाला सकाळी साडेसातलाच औषध घेऊन हॉस्पिटलला गेलासुद्धा.

उरलेल्या औषधाची पुन्हा पट्टी केली. एक्क्याऐंशी. नव्वदच्या खाली औषध बाहेर पाठवायचं नसतं.

साहेबांकडे गेले. ते बॅग भरत होते.

"बाई, संध्याकाळचं औषध सकाळी कसं होतं, कशावरून ठरवता? ठेवलं की बिघडतंच ते."

"बाटली बोलतेय, साहेब."

"उद्या गप्प होईल. किरणं दर सहा तासांनी निम्मी होतात, तुम्हीच सगळ्यांना शिकवता ना? कशाला आपल्या हाताने सहीचा अधिकार गमावताय?"

खरं आहे. परवापर्यंत पुरावा म्हणून काही उरणार नाही. द्रव ओतून दिला की विषय संपला. हॉस्पिटलला फोन लावला — फोटो काढणारा विभाग पाचलाच बंद झालेला. मनाला जरा बरं वाटलं, त्याचीच लाज वाटली.

ह्यांच्या त्या फोटोचं औषध दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलं होतं. तिथेही पट्टीखाली कुणीतरी सही केली असेल. थेंब बुडाला होता की नाही, मला कधीच कळणार नाही. हे मात्र म्हणाले असते, "एवढा विचार करतेस, आणि द्रव ओतताना कुठे होतं डोकं?"

१० मार्च

साडेआठला फोन केला. नाव सांगितलं, कालचं औषध खराब होतं, फोटो पुन्हा काढावे लागतील, सही माझी आहे तेही सांगितलं. तिथल्या नर्सने नावं काढली. पाच माणसं. चौघांचे फोटो अजून डॉक्टरांनी पाहिले नव्हते. पाचव्याला कालच "सगळं ठीक आहे" सांगून घरी पाठवलं होतं.

"त्यांना आत्ता फोन करा," मी म्हटलं, "मी थांबते."

तिने दुसऱ्या फोनवरून लावला. मी रिसीव्हर कानाला धरून तिचं बोलणं ऐकत उभी राहिले. त्याच्या बायकोने उचलला.