तीनदा दुमडलेल्या बाह्या

प्रिय छोट्या,

चाळिशी उलटली तरी मी छोट्याच म्हणणार. लेखक झालास म्हणून तुला काही शिंगं फुटली नाहीत!

तुझ्या पुस्तकातलं आईवरचं पान मिळालं. सोबत चिठ्ठी, 'ताई, तू तेव्हा शाळेत असायचीस, तरी एक नजर टाक.' टाकली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मशीन थांबवलं आणि तुझी चार वाक्यं शिवण तपासावी तशी तपासली.

'आई मला अंघोळ घालायची तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घ्यायचो. तिच्या स्वेटरला तिचा वास यायचा. ओल्या होऊ नयेत म्हणून तीनतीनदा दुमडलेल्या बाह्यांची जाड घडी गालाला लागायची. दर मगाला ती विचारायची, पाणी गरम नाही ना?'

फार सुंदर लिहिलंयस, खोटं नाही सांगत. पण बाहीशी माझा जन्म गेला रे. पाण्यासाठी बाही एकदा वर सारली की पुरते. तीनदा दुमडावी लागते ती हातापेक्षा बाही लांब असली की. आई चांगली उंच होती, तो स्वेटर तिच्याच मापाचा होता. आणि ते पाण्याचं विचारणं. आई कोपर बुडवून बघायची आणि ओतायची, विचारायची कशाला? ज्याला स्वतःला अंदाज नसतो तोच दर मगाला विचारतो.

तू लिहिलंयस त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती. तू तिच्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू द्यायचा नाहीस, घर डोक्यावर घ्यायचास. मग एके सकाळी तिनेच अंगातला स्वेटर काढून माझ्या अंगात चढवला. म्हणाली, डोळे तर तो मिटतोच, वासावर फसेल. फसलास की! मी अकरा वर्षांची होते. पाण्याचं तेवढं मी कुजबुजत विचारायचे. बाकी आवाज तिचाच यावा म्हणून बाथरूमचं दार उघडं ठेवायचं आणि ती पलंगावरून सांगायची, कपाळावर हात धर, साबण डोळ्यांत जाईल. तू हसलास की तीही तिकडे हसायची. शाळा तर माझी त्याच वर्षी सुटली.

ती गेल्यावर तू तिच्याबद्दल बोलायचास ते एवढंच, अंघोळीचं. तुझ्याकडे आईची दुसरी आठवणच नव्हती. ती कशी काढून घेऊ? म्हणून गप्प राहिले. पुढे गप्प राहण्याची सवयच झाली.

काल फोनवर तू विचारलंस, काही चुकलंय का? मी म्हटलं, काही नाही, सोमवारी खुशाल छापायला दे. फोन ठेवला आणि वेड्यासारखी रडले. माझा राग नाही तुझ्यावर. एक अक्षरही बदलू नकोस. पुस्तकात आईच राहू दे, तिनेच तसं ठरवलं होतं. पण त्या स्वेटरच्या आत मी होते रे, हे जगात एका माणसाला तरी माहीत असावं.

तुझीच,
ताई